डिस्कसंचाची रचना आणि राखण

संगणकात माहिती साठविणारी हार्ड डिस्क हे मुळात एक फिरते यंत्र होय. तिच्यातील चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचन-लेखन करणारी टोके त्या तबकड्यांपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतात. असे यंत्र वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालते हीच आश्चर्याची गोष्ट आहे. ते कधीतरी बंद पडावे यात नवल नाही. हलणारा एकही भाग नसलेली आधुनिक साठवणसाधनेही कालांतराने झिजतात व निकामी होतात. म्हणून ज्याला माहिती सांभाळावयाची आहे, त्याने डिस्क बिघडणार हे गृहीत धरूनच मांडणी केली पाहिजे. एखाद्या ग्रंथालयाने आपले सूचीपत्र, वर्गणीदारांच्या नोंदी आणि जीर्ण हस्तलिखितांची छायाचित्रे संगणकावर आणली की, त्या साऱ्याचा भार अशा एखाद्या यंत्रावर येऊन पडतो. हा भार अनेक डिस्कांवर वाटून देण्याच्या पद्धतीला ‘रेड’ असे म्हणतात. ती पद्धत काय आहे, आणि संगणकाला लेखी आज्ञा देऊन अशा डिस्कसंचाची राखण कशी करावयाची, याचा विचार येथे करावयाचा आहे.

स्वस्त डिस्कांचा संच

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली शिकागो येथील एका परिषदेत एक निबंध मांडला. त्या काळी मोठ्या संगणकांना आयबीएम ३३८० सारख्या अवजड व महागड्या डिस्क लागत. तिची साठवणक्षमता ७,५०० मेगाबाइट होती. दुसरीकडे, वैयक्तिक संगणकांसाठी बनविलेल्या छोट्या डिस्क बाजारात येऊ लागल्या होत्या. त्यांपैकी कॉनर कंपनीच्या सीपी ३१०० या डिस्कवर १०० मेगाबाइट माहिती मावत असे. एका मोठ्या डिस्कऐवजी अशा अनेक छोट्या डिस्क एकत्र जोडल्या तर काम स्वस्त होईल आणि वेगही वाढेल, असा या तिघांचा विचार होता.

परंतु त्यात एक मोठी अडचण होती, आणि तिचे गणित त्यांनी स्वतःच मांडून दाखविले. एका छोट्या डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कांच्या संचात कोणती ना कोणती डिस्क सरासरीने ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, बंद पडेल. संच जितका मोठा, तितका त्यात बिघाड लवकर होणार. यावर त्यांनी सुचविलेला उपाय असा, की संचात काही जादा डिस्क ठेवाव्यात आणि त्यांवर अशी माहिती लिहावी, की जिच्या आधारे गेलेल्या डिस्कवरील मजकूर पुन्हा तयार करता येईल. ‘स्वस्त डिस्कांची जादा तजवीज असलेली मांडणी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हे नाव तयार झाले. पुढे सर्वच डिस्क स्वस्त झाल्या, तेव्हा त्या नावातील ‘स्वस्त’ या शब्दाची जागा ‘स्वतंत्र’ या शब्दाने घेतली.

गेलेला मजकूर परत कसा मिळतो

ही जादा तजवीज अनेक प्रकारांनी करता येते आणि त्या प्रकारांना क्रमांक दिलेले आहेत. रेड-१ हा सर्वांत सोपा प्रकार होय. त्यात एकच मजकूर दोन डिस्कांवर हुबेहूब लिहिला जातो. एक गेली तर दुसरी असतेच. मात्र दोन डिस्कांच्या मोबदल्यात जागा एकीचीच मिळते.

रेड-५ या प्रकारात जागेची बचत होते. तिचे रहस्य सम-विषम संख्यांच्या साध्या नियमात आहे. संगणकातील सर्व माहिती अखेर १ आणि ० या दोन अंकांनी लिहिलेली असते. समजा, तीन डिस्कांवर एकाच स्थानी अनुक्रमे १, ० आणि १ असे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर त्याच स्थानी असा अंक लिहावयाचा, की चारही मिळून १ या अंकांची संख्या सम होईल. येथे ती आधीच दोन, म्हणजे सम आहे. म्हणून चौथा अंक ०. आता दुसरी डिस्क निकामी झाली असे समजू. उरलेले अंक १, १ आणि ०. यांत १ हा अंक दोनदा येतो. म्हणजे हरवलेला अंक ० असलाच पाहिजे, नाही तर संख्या विषम झाली असती. कोणतीही एक डिस्क गेली तरी हाच नियम लावून तिच्यावरील प्रत्येक अंक परत काढता येतो. या जादा अंकाला पॅरिटी असे म्हणतात. रेड-५ मध्ये पॅरिटीचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कांवर आळीपाळीने वाटलेले असतात, त्यामुळे लिहिण्याचा सारा ताण एकीवर येत नाही.

चार टेराबाइटच्या चार डिस्क रेड-५ मध्ये जोडल्या तर बारा टेराबाइट जागा वापरता येते आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. रेड-६ मध्ये दोन प्रकारची पॅरिटी असते. तेथे आठच टेराबाइट मिळतात, परंतु दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. रेड-० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात मात्र जादा तजवीज मुळीच नसते. त्यात मजकूर केवळ वेगासाठी डिस्कांवर वाटलेला असतो, आणि एक डिस्क जाताच सारा संच जातो. नावात ‘रेड’ आहे म्हणून संरक्षणही आहे, असे समजणे धोक्याचे होय.

न दिसणारा बिघाड

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. रेड-५ च्या संचातील एक डिस्क बंद पडली तर वापरणाऱ्याला काय जाणवते? बहुधा काहीच नाही. ग्रंथपालाला सूचीपत्र पूर्वीप्रमाणेच दिसते, छायाचित्रे उघडतात, नव्या नोंदी होतात. संगणक गेलेल्या डिस्कवरील प्रत्येक अंक वेळोवेळी हिशेबाने काढून देत असतो. काम थोडे मंदावते, पण तेवढ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पूर्वी डिस्क बिघडली की काम थांबे आणि बिघाड सर्वांना कळे. संचाने ते थांबणे टाळले. पण त्याबरोबर बिघाडाची वर्दी देणारी खूणही नाहीशी झाली. आता संच एकाही जादा डिस्कच्या आधारावाचून चालला आहे, आणि दुसरी डिस्क जाईल त्या क्षणी सारे संपेल. पहिल्या डिस्कच्या बिघाडापासून दुसऱ्या डिस्कच्या बिघाडापर्यंतचा हा काळ काही तासांचा असू शकतो, तसाच काही महिन्यांचाही. त्या काळात कोणी पाहिले तर माहिती वाचते. न पाहिले तर जादा डिस्कसाठी केलेला खर्च वाया जातो. म्हणून डिस्कसंच उभारण्याच्या कलेपेक्षा त्याची स्थिती वाचण्याची सवय अधिक महत्त्वाची आहे.

लिनक्स आणि त्याच्या आज्ञा

असा संच सांभाळण्यासाठी खास यंत्रपट्टी मिळते. परंतु लिनक्स या संगणकप्रणालीत हे काम केवळ सॉफ्टवेअरच्या साहाय्याने होऊ शकते. लिनक्सच्या गाभ्यातील ‘एमडी’ हा भाग अनेक डिस्कांना एक डिस्क म्हणून पुढे मांडतो. त्याला आज्ञा देण्याचे साधन म्हणजे ‘एमडीएडीएम’ हा प्रोग्राम होय. तो नील ब्राउन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामकाराने २००१ च्या सुमारास लिहावयास घेतला. संगणकाला या आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार तेवढे दिले आहेत.

या पद्धतीचा एक मोठा लाभ असा, की प्रत्येक डिस्कवर संचाची ओळखपत्रिका लिहिलेली असते. तिला सुपरब्लॉक म्हणतात. हा संच कोणता, त्यात किती डिस्क आहेत, आपला क्रमांक कितवा, हे सारे तीत नोंदलेले असते. त्यामुळे मूळ संगणक जळाला तरी डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडता येतात आणि ‘एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन’ या आज्ञेने संच पुन्हा उभा राहतो. विशिष्ट कंपनीच्या यंत्रपट्टीवर अवलंबून राहावे लागत नाही.

संच प्रथम उभारण्याची आज्ञा अशी असते :

एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी० --लेव्हल=५ --रेड-डिव्हाइसेस=४

आणि तिच्यापुढे चार डिस्कांची नावे, म्हणजे /डेव्ह/एसडीबी१, /डेव्ह/एसडीसी१ इत्यादी. ही आज्ञा दिली की संच लगेच वापरता येतो. तथापि सर्व डिस्कांवर पॅरिटीची सांगड घातली जाईपर्यंत संरक्षण पुरे झालेले नसते. डिस्क लहानमोठ्या असतील तर सर्वांत लहान डिस्कच्या मापानेच हिशेब होतो, हेही ध्यानात ठेवावे.

संचाची स्थिती वाचणे

स्थिती पाहण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’ या नावाने असलेला मजकूर ‘कॅट’ या आज्ञेने वाचणे. त्यात प्रत्येक संचासाठी दोन-तीन ओळी असतात. चारही डिस्क ठीक असतील तर ओळीच्या शेवटी [४/४] आणि [यूयूयूयू] असे दिसते. दुसऱ्या क्रमांकाची डिस्क गळाली तर त्याच जागी [४/३] आणि [यू_यूयू] असे दिसू लागते. प्रत्येक ‘यू’ म्हणजे चालू असलेली एक डिस्क आणि रिकामी अधोरेषा म्हणजे गेलेली डिस्क. वर वर्णन केलेला न दिसणारा बिघाड या एका अधोरेषेत दिसतो. अधिक तपशील हवा असेल तर ‘एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०’ ही आज्ञा द्यावी. तीत संचाची अवस्था शब्दांत येते. ‘क्लीन’ हा शब्द एकटाच असेल तर समाधान मानावे, त्याच्यापुढे ‘डीग्रेडेड’ असा शब्द आला तर तत्काळ कामाला लागावे.

माणूस रोज पाहीलच असे नाही. म्हणून एमडीएडीएम प्रोग्राम ‘--मॉनिटर’ या रीतीने सतत पाहत राहील अशी सोय आहे. त्याच्या नियमपत्रिकेत ई-मेलचा पत्ता लिहून ठेवला की डिस्क गळताच तेथे पत्र जाते. तो पत्ता बदली झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याचा नाही ना, हे मात्र माणसानेच पाहावयाचे असते. याच आज्ञेला ‘--टेस्ट’ व ‘--वनशॉट’ हे शब्द जोडले तर एक चाचणीपत्र पाठविले जाते. ते योग्य व्यक्तीच्या हाती पडले की नाही, हे अधूनमधून तपासून पाहणे इष्ट होय.

डिस्क बदलण्याचा क्रम

अधोरेषा दिसल्यावर प्रथम घाई टाळावी. संच आता एका डिस्कने उणा असतो आणि या अवस्थेत चुकून चांगली डिस्क ओढून काढली तर संच तेथेच थांबतो. संगणकाने दिलेली एसडीबी, एसडीसी ही नावे डिस्कांवर लिहिलेली नसतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती बदलूही शकतात. म्हणून ‘स्मार्टसीटीएल -आय’ या आज्ञेने डिस्कांचे अनुक्रमांक वाचावेत आणि डिस्कच्या अंगावर छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावेत. बिघडलेली डिस्क उत्तरच देत नसेल तर चांगल्या डिस्कांचे क्रमांक वाचून उरलेली ती बिघडलेली, असे ठरवावे. हे क्रमांक संच उभारतानाच कागदावर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटविले, तर पुढे बराच त्रास वाचतो.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. ‘--फेल’ या आज्ञेने ती डिस्क निकामी झाल्याची नोंद करावी, ‘--रिमूव्ह’ ने तिला संचातून मोकळे करावे, मग ती प्रत्यक्ष काढून नवी बसवावी, आणि ‘--अ‍ॅड’ ने नवीला संचात घ्यावे. पुढचे काम संगणक आपोआप करतो. उरलेल्या तीन डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचून तो नव्या डिस्कवर एकेक अंक लिहून काढतो. डिस्क अजून पूर्ण गेलेली नाही, पण तिची लक्षणे ठीक नाहीत, अशा वेळी ‘--रिप्लेस’ ही आज्ञा अधिक चांगली. तीत जुनी डिस्क संचात असतानाच तिची नक्कल नव्या डिस्कवर होते आणि मगच जुनी बाहेर पडते. त्यामुळे संच एक क्षणही उणा राहत नाही.

पुनर्रचनेचा काळ

पुनर्रचनेला लागणारा काळ हा या सर्व व्यवहारातील नाजूक भाग आहे. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरावयाची म्हटली तर सुमारे साडेसात तास लागतात. इतर कामे चालू असतील तर याहून पुष्कळ अधिक. कारण वापरणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून लिनक्स पुनर्रचनेचा वेग आपणहून कमी करतो.

या तासांमध्ये उरलेल्या तीन डिस्कांवरील बारा टेराबाइट माहिती एकही चूक न होता वाचली जावी लागते. साध्या डिस्क बनविणारे उत्पादक पुष्कळदा अशी हमी देतात, की १०^१४ अंक वाचताना फार तर एकदा वाचता न येणारी जागा आढळेल. १०^१४ अंक म्हणजे साडेबारा टेराबाइट. हा आकडा हमीची कमाल मर्यादा असून प्रत्यक्षात अनेक डिस्क याहून पुष्कळ चांगल्या चालतात. तरीही आपला बारा टेराबाइटचा संच त्या मर्यादेच्या किती जवळ आहे, हे यावरून दिसून येईल. मोठ्या डिस्कांच्या संचासाठी जाणकार रेड-६ ची शिफारस करतात ती यासाठीच. त्यात पुनर्रचनेच्या वेळीही एक आधार शिल्लक असतो.

वाचता न येणाऱ्या जागा अडचणीच्या वेळी प्रथमच उघडकीस येऊ नयेत, यासाठी संच निरोगी असतानाच त्याची आरंभापासून अखेरपर्यंत तपासणी करण्याची सोय आहे. संचाच्या ‘सिंक_अ‍ॅक्शन’ या नोंदीत ‘चेक’ हा शब्द लिहिला की ही तपासणी सुरू होते. एखादी जागा वाचता आली नाही तर इतर डिस्कांवरून तेथील मजकूर काढून तो पुन्हा लिहिला जातो. लिनक्सच्या डेबियन या आवृत्तीत ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप व्हावी अशी योजना केलेली असते. त्या दिवशी संगणक मंद वाटला म्हणून ती कायमची बंद करून टाकणे शहाणपणाचे नाही.

करू नये असे काही

दोन डिस्क एकाच वेळी नाहीशा झाल्या म्हणजे सर्व संपले असे नेहमीच नसते. कित्येकदा डिस्क चांगल्या असतात आणि एखादी सैल वायर किंवा वीजपुरवठ्याचा दोष दोघींना एकदम खाली आणतो. अशा वेळी ‘--एक्झामिन’ या आज्ञेने प्रत्येक डिस्कवरील ओळखपत्रिका वाचावी. तीत ‘इव्हेंट्स’ नावाचा एक आकडा असतो आणि संचात बदल होत जातात तसा तो वाढत जातो. ज्या डिस्कचा आकडा मागे आहे ती आधी गळाली असे समजावे. आकड्यांत थोडाच फरक असेल तर ‘--असेंबल’ ला ‘--फोर्स’ हा शब्द जोडून संच बहुधा परत उभा करता येतो.

या प्रसंगी अनेकजण ‘--क्रिएट’ ही आज्ञा पुन्हा देऊन संच दुरुस्त करू पाहतात. ती दुरुस्तीची आज्ञा नव्हे. ती जुनी ओळखपत्रिका पुसून नवी लिहिते, आणि डिस्कांचा क्रम किंवा एखादे माप चुकले तर पॅरिटीची नवी सांगड घालताना चांगला मजकूरही खराब होतो. काय घडले आहे ते वाचून कागदावर उतरविल्याशिवाय कोणतीही लिहिणारी आज्ञा देऊ नये, हा नियम येथे कसोशीने पाळावा.

संच म्हणजे राखीव प्रत नव्हे

अखेरीस एका व्यापक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. डिस्कसंच आहे म्हणजे वेगळी राखीव प्रत नको, असे पुष्कळांना वाटते. परंतु संच रक्षण करतो ते डिस्कच्या मृत्यूपासून. माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीपासून नव्हे. एखाद्याने चुकून हस्तलिखितांचा सारा विभाग पुसून टाकला, तर संच ते पुसणे सर्व डिस्कांवर तितक्याच इमानाने उतरवितो. आग, पूर, चोरी किंवा द्वेषबुद्धीने सोडलेला घातक प्रोग्राम यांच्यापुढेही सर्व डिस्क सारख्याच असहाय असतात, कारण त्या एकाच पेटीत असतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या साधनावर व शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी, आणि तिच्यातून माहिती खरोखर परत मिळते की नाही हे वेळोवेळी पाहावे.

सारांश, डिस्कसंच हा वेळ मिळवून देणारा उपाय आहे. डिस्क बिघडल्यापासून ती बदलेपर्यंत काम अखंड चालू ठेवणे एवढेच त्याचे कार्य. त्याने मिळवून दिलेला वेळ उपयोगी लावणे हे माणसाचे काम, आणि त्यासाठी लागणारी आज्ञा अवघ्या एका ओळीची आहे. ज्या कार्यालयात किंवा ग्रंथालयात ती ओळ नियमाने वाचली जाते आणि अधोरेषा दिसताच नवी डिस्क मागविली जाते, तेथील माहिती डिस्क बंद पडल्या तरी पुढील पिढीच्या हाती पोहोचण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो.